कावळा काढायला कल्याणास गेलो

कल्याणाहून परत आलो तर पुण्याच्या आमच्या आळीत जो तो विचारू लागला, "कोणत्या देवाला गेला होता?" लोक काशीला जातात, द्वारकेला जातात, गेलाबाजार जेजुरीला तरी जातात. मी म्हटलं, "कावळ्याला." शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "अगंबाई, कोण गेलं हो?" कोणी गेलं नव्हतं. मीच गेलो होतो आणि डोक्याला चार खोका पाडून घेऊन जिवंत परत आलो होतो. त्या खोका कशा पडल्या हे तोंडाने सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून काढतो. ज्यांनी कल्याण पाहिलं नाही त्यांनी वाचावं. ज्यांनी पाहिलंय त्यांनी चुका काढाव्यात, तो त्यांचा हक्कच आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या देवळांच्या भिंती रंगवण्यात गेल्या. मी तेवढा दिवटा निघालो आणि मुंबईस जाऊन साहेबी पद्धतीची चित्रकला शिकून आलो. म्हणजे तीन वर्षं प्लास्टरचं एकच नाक सगळ्या बाजूंनी काढत होतो. नाक उत्तम येतं मला. पुढे गिरगावातल्या एका शिळाछापवाल्या शेटजींनी कामाला लावलं. ते देवादिकांची रंगीत चित्रं छापायचे. लक्ष्मी झाली, सरस्वती झाली, शेषशायी झाला, आणि एक दिवस त्यांच्या डोक्यात काकस्पर्श शिरला. "चितारी," ते म्हणाले, "लक्ष्मी काय, दहा घरांत एका घरी येते. माणूस सगळ्यांच्या घरी मरतो. मग हे चित्र घरोघरी का नको?" मी घरी बसून आठवणीने चित्र काढलं. पिंड, दर्भ, काळे तीळ, हात जोडलेले यजमान, आणि कावळा.

शेटजींनी चष्मा वर केला, खाली केला. "पारवा छान आलाय," म्हणाले.

"तो कावळा आहे."

"मग त्याला कळवा तसं."

राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. जन्मभर सकाळी डोळे उघडले की पहिला ज्याचा आवाज ऐकतो त्याची मान कशी असते, पाय कुठून फुटतात, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला तरी ठाऊक आहे का? शेटजींनी कल्याणच्या एका भटजींच्या नावाने चिठ्ठी दिली आणि पितृपंधरवड्यातच मला पिटाळलं. या दिवसांत कावळे मागाल तेवढे मिळतील असा त्यांचा हिशोब.

ठाणे

शेटजींचा हिशोब ठाण्यातच बोंबलला. कावळे होते, अगदी पायलीचे पन्नास होते, पण त्यांचा माज काय वर्णावा! एरवी ज्याला "हाड मेल्या" म्हणून खडा मारायचा, त्याच्यासाठी पंधरा दिवस अख्खं ठाणं पानं वाढून, हात जोडून, मान वर करून उभं. पुण्यातही आम्ही वाढतो, पण दोन हाका मारतो आणि आत जाऊन जेवायला बसतो. ठाणेकर चिवट. मासुंद्याच्या तळ्याकाठी मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते कारकून गृहस्थ कोट घालून, घामाघूम होऊन, घटकाभर कौलांवर "काव काव" करत होते. कावळा काही येईना. शेवटी एक आला, त्यांच्या पानाकडे तुच्छतेने पाहिलं आणि उडून पलीकडच्या घरी वड्यावर बसला. आमचे गृहस्थ कौलांवरूनच ओरडले, "अहो जोशी, आमचे वडील तुमच्याकडे जेवतायत!"

पलीकडून जोशी म्हणाले, "जेवू द्यात हो. हयातीतही इकडेच जेवायचे."

दुपारी अळूचं फतफतं, वडे, खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो आणि तळ्याच्या पायऱ्यांवर कागद घेऊन बसलो. कावळ्याचं चित्र काढणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत की तो तुमच्याकडे पाहतो. तुम्ही कागदाकडे पाहिलंत की तो दुसरीकडे जाऊन बसतो. सायंकाळपर्यंत माझ्याकडे तीन शेपट्या, एक चोच आणि एक धड पाय एवढं जमलं होतं. हे सगळं एका पक्ष्याचं होतं असंही नाही. त्यातून एकाने कोळशाची कांडी पळवली. तिचं त्याला काय करायचं होतं, तो काय माझं चित्र काढणार होता?

खाडी

पुढे कल्याणास आगगाडीने जाता आलं असतं, पण खाडीकाठी कावळे निवांत भेटतील म्हणून मी कौलं भरून निघालेल्या एका मचव्यात चढलो. तांडेलाव्यतिरिक्त आणखी एकच माणूस होता. साठीचा, बारीक, धुतलेलं उपरणं, मांडीवर बोचकं. ठाण्यात शाळामास्तर होते, आता घरी बसलेले. मी आपला नेहमीप्रमाणे तोंड वाजवत होतो. म्हटलं, "मास्तर, तुम्ही का बरं या कौलांवर बसून निघालात? आगगाडी होती की."

"होती. ती तासाभरात पोचवते," ते म्हणाले. "मला इतक्या लवकर पोचायचं नव्हतं."

मग थोडं थोडं करून सांगितलं. मुलगी यमुना कल्याणास दिलेली. सतराची. जावई तापाने गेला, त्याला आज आठवा दिवस. परवा दहाव्याला घाटावर क्रिया, आणि तिथेच न्हावी बोलावलेला. तिचे केस काढायचं ठरलेलं.

"तुम्ही नाही म्हणा!" मी म्हटलं. म्हणायला माझं काय जातं?

"मुलीच्या बापाचं कोण ऐकतं? तिचे थोरले दीर, भाऊसाहेब, तसे शिकलेले आहेत. वकील आहेत. सुधारणेवर सभेत बोलतात, मी स्वतः ऐकलंय, टाळ्याही वाजवल्यात. त्यांचंच पत्र आलं. लिहितात, माझा इलाज नाही, जातीत राहायचं आहे." मास्तरांनी बोचकं उघडलं. आत धोतर, पळी-पंचपात्र आणि माक्याच्या तेलाची बाटली. "हे बघा. तिच्याकडे निघालो की ही बाटली घ्यायची, सवय. ठाण्याच्या बंदरावर लक्षात आलं."

माझ्या जिभेला हाड नाही असं आमची आई म्हणते. त्या वेळी मी बाटलीचं बूच तेवढं घट्ट करून दिलं.

मग तेच म्हणाले, "तुम्ही चित्रं काढता ना? परवा ती घाटावर येईल. न्हावी बसायच्या आत लांबून तिला बघा आणि काढा. तोंड नाही आलं तरी चालेल. केस तेवढे नीट काढा."

मी हो म्हटलं. कावळ्याची चोच जमत नव्हती आणि मी हो म्हटलं.

कोपर

दुपार व्हायच्या आतच सुकती लागली, म्हणजे ओहोटी, आणि आमचा मचवा कोपरच्या चिखलात जो रुतला तो रुतलाच. तांडेल म्हणाला, पुढची भरती येईतो हलायचं नाही, आणि बिडी पेटवून आडवा झाला. मास्तरांना आनंद झालेला मी पाहिला. मी मात्र गुडघाभर चिखल तुडवत किनाऱ्यावरच्या आगऱ्यांच्या पाड्यात गेलो. चार दिवस ऊन पडलं होतं म्हणून अंगणात जवळा वाळत घातलेला, आणि राखणीला धाकलीबाय नावाची बाई, हातात काठी, तोंडात पान. मी कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर ती इतकी हसली की पान गिळलं.

"कावल्याचा चितर? आन त्यो घरान लावनार? कनाला रं, जित्ते कावले कमी परलं काय तुमाला?"

पण मन मोठं. तांदळाची भाकर आणि निवट्यांचं आंबट कालवण पुढे ठेवलं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. दिसायला असा की पाहून भूक मरावी, आणि चवीला असा की दुसऱ्यांदा मागून घ्यावा. मी तिसऱ्यांदा घेतला. (पुण्यात बोलू नका.) जेवताना कुडावर एक कावळी येऊन बसली, मानेला थोडी टकली. धाकलीबायने पहिला घास तिला टाकला आणि वर शिवीही दिली. म्हणाली, "ही माजी सासू. जित्ती व्हती तवा बी आशीच, माज्या ताटान डोला."

"सासू आहे तर शिवी कशी देता?"

"मंग? जित्तेपनी द्याला मिलाली नाय ना!"

आमच्याकडे पितरं वर्षातून एकदा येतात आणि आपण त्यांना भितो. हिच्याकडे रोज येतात आणि रोज भांडतात. मला हेच बरं वाटलं.

तेवढ्यात माझं लक्ष अंगणातल्या बांबूकडे गेलं. त्याला एक मेलेला कावळा उलटा टांगलेला होता, म्हणजे बाकीचे जवळ्याला तोंड लावायला येऊ नयेत. मी आनंदाने उडालो. हलत नाही, बघत नाही, कोळसा पळवत नाही, असा कावळा! मी तो मागितला. धाकलीबायचं हसणं बंद झालं.

"नको नेव, दादा. मेला कावला ज्याचे हातान दिसल, त्याला बाकीचे वलखून ठेवतान. मंग सोरीत नाय."

मी म्हटलं, "बाय, मी मुंबईत तीन वर्षं शिकलोय."

"ते कावल्यांना सांग," ती म्हणाली, आणि कावळा बांबूवरून सोडवून हातात दिला.

भरतीला मचवा निघाला. वाटेत डोंबिवली लागली. भाताची खाचरं, चार घरं, आठ म्हशी आणि डास मोजायला बसलात तर जन्म जाईल. इथे कोणी हौसेने राहायला येईल असं मला नाही वाटत. दिवेलागणीला कल्याणचं बंदर आलं. मास्तर व्याह्यांच्या घराकडे गेले. मी फडक्यात कावळा गुंडाळून धर्मशाळेत.

कल्याण, पहिला दिवस

चिठ्ठी होती त्या बाळंभटजींनी सकाळीच मला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीवरचा घाट दाखवला. क्रियेची जागा म्हणजे एक सपाट दगड, वर जुना पिंपळ, दहा पावलांवर महादेवाचं ठेंगणं देऊळ. भटजी दिलखुलास गडी. "कल्याणच्या कावळ्यासारखा समजूतदार कावळा नाही," म्हणाले. "पिंड ठेवला, मागे सरलात, की शिवलाच. माझ्या हातून कोणाचा पिंड अडलेला नाही. पण या पंधरवड्यात जरा भाव खातात, पोट भरलेलं असतं ना." मी त्यांना विचारलं, अडलाच तर? तर नातेवाइकांनी एकेक करून मेलेल्याला वचन द्यायचं. काय राहिलं असेल त्याच्या मनात, ते ओळखायचं आणि मोठ्याने बोलायचं. बरोबर ओळखलं की कावळा उतरतो. दिलेलं वचन मग मोडता येत नाही, मोडेल त्याचं वाटोळं. आणि अगदीच नाही उतरला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा. "पण त्यात राम नाही," भटजी म्हणाले. "लोक जन्मभर बोलतात." हे आमच्याकडेही असंच आहे.

भटजी जेवायला गेले. मी धर्मशाळेतून मूठभर भात आणला, दगडावर पान मांडलं, माझा कावळा फडक्यातून काढला, पोटातून काटकी घालून पानाशी उभा केला. झकास दिसला! वास थोडा मारत होता, पण चित्राला वास कुठे असतो? मी चोच काढली, डोकं काढलं, मान काढायला घेतली, आणि पिंपळावरून एक कावळा ओरडला.

ते रोजचं काव काव नव्हतं. कोणाच्या घरी चोर शिरल्यावर बाई ओरडते तसं होतं. मग दुसरा, मग दहा, मग किल्ल्यावरचे, बंदरावरचे, बाजारातले, अख्ख्या कल्याणचे कावळे आले. आकाश काळं झालं हो! पहिला टोचा बसला तेव्हा मी शिवी दिली. दुसऱ्याला पागोटं खाडीत गेलं. तिसऱ्या-चौथ्याला मी कागद पोटाशी धरून महादेवाच्या देवळात घुसलो आणि पिंडीमागे बसलो. आत अंधारात गेलो तसा बाहेरचा कालवा हळूहळू शमला. अर्ध्या घटकेने डोकावलो, तर मेलेल्याभोवती सगळे गोल करून बसलेले, गप्प. खरं सांगतो, लाज वाटली. मेलेल्याला कोणी ओळखीचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते उडून गेल्यावर मी कावळा खाडीत सोडला, नमस्कारही केला. म्हटलं, एका रात्रीत विसरतील. मला सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नाही.

कल्याण, दहावा

सकाळी डोक्याला उपरणं गुंडाळून, कागद घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसलो. घरची मंडळी आली. पुढे भाऊसाहेब, ताजी हजामत केलेलं डोकं, डोळे सुजलेले. धाकटा भाऊ गेलेला, त्याचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. मागे चार-सहा जातवाले, त्यांचे डोळे कोरडे आणि उघडे. मास्तर सगळ्यांत शेवटी. लांब वडाखाली दोन बायका बसल्या. एक विधवेच्या लाल आलवणातली म्हातारी, घरात सगळे तिला आत्याबाई म्हणत. दुसरी यमुना. पाठमोरी. केस मोकळे सोडलेले, बसल्यावर जमिनीला लागत होते. तिच्यापासून चार हातांवर रामा न्हावी धोपटी उघडून वस्तरा पाजवत होता.

मी कोळसा उचलला आणि तिचे केस काढायला लागलो. मुंबईत शिकलेल्या नाकाचा इथे काही उपयोग नव्हता.

बाळंभटजींनी पिंड मांडला, सगळे मागे सरले. पिंपळावर कावळे जमले होते. एक खालच्या फांदीवर आला, मान तिरकी केली, पिंड पाहिला, आणि मग मला पाहिलं. झालं! चोर शिरल्याची तीच आरोळी. सगळे वर उडाले आणि झाडावरून नुसता शंख करू लागले. पिंडाकडे कोणी फिरकेना.

भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "बाबा रे, आईला काशीला नेऊन आणीन." कावळा नाही. "तुझा तबला कोणाला देणार नाही." नाही. "परसातला आंबा तोडणार नाही." एक जातवाले म्हणाले, तपकिरीचं विचारा. तपकिरीचंही विचारलं. भटजींना घाम फुटला, त्यांची अब्रू चालली होती. मला वाटलं, पोटं भरलीत मेल्यांची.

मला लघुशंका लागली होती, म्हणून देवळाच्या मागे गेलो. आणि काय सांगू, वरचा कालवा थांबला. इकडे सगळे "आला, आला" करू लागले. मी कासोटा सावरत घाईने बाहेर आलो की बघावं, तर एक कावळा पिंडापासून हातभर अंतरावर. त्याने मला पाहिलं, किंचाळला, उडाला. सगळ्यांच्या तोंडून "अरेरे!" निघालं.

अडवणारा मेलेला नव्हता, मी होतो.

तसाच मागे पळणार होतो. एक पाऊल उचललंही. तेवढ्यात वडाखाली रामा न्हाव्याने वस्तरा बोटावर घासून पाहिला, आणि मास्तरांनी तोंड फिरवलं. पिंड शिवला की पुढचं काम त्याचंच होतं. मी उचललेलं पाऊल खाली ठेवलं. शिकलेलं सगळं बाजूला राहू द्या, पण एवढं कळत होतं की मी उभा आहे तोवर कावळा उतरत नाही, आणि कावळा उतरत नाही तोवर हे लोक वचनं देत राहणार. मी दोन पायऱ्या खाली उतरलो आणि डोक्याचं उपरणं काढलं.

पहिला झपाटा लगेच बसला. कालच्या जखमेवरच. मी हललो नाही. एक जातवाले ओरडले, "अहो पाहुणे, आत जा, फोडतील!" मी म्हटलं, "असू द्या, मला सवय आहे." कशाची सवय, कपाळाची?

भटजींनी दर्भ हातात घेतला. "भाऊसाहेब, ऊन चढतंय. दर्भाचा करतो."

तेव्हा वडाखालून आत्याबाई बोलल्या. आवाज लहान, पण ऐकू आला. "भाऊ, तबल्याचं विचारलंस, आंब्याचं विचारलंस. त्याच्या बायकोचं विचार की."

भाऊसाहेब खाली बघत म्हणाले, "हिला अन्नवस्त्राला कमी पडू देणार नाही."

मी जागचा हललो नाही. कावळेही.

"हिला माहेरी जाऊ-येऊ देईन."

कानाजवळून रक्ताचा ओघळ आला. मी खांबासारखा उभा. मनात म्हणत होतो, बोल रे वकिला, सभेत बोलतोस ते बोल.

भटजींनी दर्भाला एक गाठ मारली, दुसरी मारायला घेतली. भाऊसाहेबांनी जातवाल्यांकडे पाहिलं. मग वर कावळ्यांकडे पाहिलं. त्या माणसाला ओरडणारे कावळे दिसत नव्हते, भाऊ दिसत होता. त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला आणि लहान मुलासारखा रडत तो ओरडला, "नाही रे काढणार तिचे केस! आज नाही, कधी नाही! ये आता, ये!"

मी उडी मारून देवळात शिरलो आणि पिंडीमागे बसलो. बाहेर अजून कालवा. मी देवदेव न करणारा माणूस, पण महादेवाला सोडून कावळ्यालाच हात जोडले. ये बाबा, ये मेल्या, भात आहे, तीळ आहे, ये. न आलास तर दर्भाचा होईल, वचन हवेत जाईल आणि ते जातवाले म्हणतील, बघा, त्याला मान्य नव्हतं. भटजींची गाठ किती वेळात होते हे मला ठाऊक नव्हतं. बाहेरचा आवाज कमी झाला. आणखी कमी झाला. मग काहीच नाही.

आणि मग एकदम सगळे ओरडले, "शिवला!"

ज्यासाठी मुंबईहून निघालो, डोकं फोडून घेतलं, तो काकस्पर्श मी पाहिलेला नाही. पाहिला असता तर झाला नसता. शेटजींना पुढे मी चित्र दिलं त्यात पिंड आहे, माणसं आहेत, सगळ्यांच्या माना वर आहेत. त्यांनी विचारलं, "कावळा कुठे?" मी म्हटलं, "यायचाय." त्यांनी चित्र परत केलं.

मेलेल्याने मागितलं, जिवंताने दिलं, कावळ्याने साक्ष दिली. यापुढे शास्त्र काढायची जातवाल्यांची छाती नव्हती. रामा न्हाव्याने वस्तरा पुसून धोपटीत टाकला आणि मला वाटतं त्यालाही बरं वाटलं. मी मास्तरांना कागद दाखवला. त्यावर केस तेवढे होते, तेही अर्धे. त्यांनी तो माझ्याच हातात परत दिला. "आता कशाला?" म्हणाले. मग उपरणं सावरत वडाखाली लेकीकडे गेले.

मंडळी घाट चढू लागली. मी पायरीवर बसून डोक्याला उपरणं दाबत होतो. आत्याबाई देवाला म्हणून देवळापाशी थांबल्या.

"पाहिलात का हो कावळा?"

"नाही. मी आत होतो."

"ठाऊक आहे. मघाशी मागे गेला होतात, तेव्हाही उतरलाच होता की," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं. "हळद लावा. मला काय, नुसतं बसून बघायचं काम होतं. तुम्ही उभे राहिलात म्हणून बोलले."

मी विचारू नये ते विचारलं. तुमच्या वेळी कोणी काही बोललं नव्हतं का?

"मी नऊ वर्षांची होते," आत्याबाई म्हणाल्या. पदर डोक्यावर पुढे ओढला. "पिंड ठेवला न ठेवला तोच शिवला. सगळे म्हणाले, केवढा पुण्यवान, काही मागणंच नाही. मग विचारतो कोण?"